फोन चोराच्या हाती गेला तरी खाते आपल्याच हाती राहावे, यासाठी आधी काय करून ठेवावे?

अजिंक्यतारा

मार्गशीर्षात पुसेगावची यात्रा, पौषात पालीची आणि मांढरदेवची, आषाढात लोणंद-फलटण मार्गाने जाणारी माउलींची पालखी असे गर्दीचे दिवस आपल्या सातारा जिल्ह्यात वर्षभर येत असतात आणि त्या गर्दीत कुणाचा ना कुणाचा मोबाइल गेल्याचे कानावर येते. फोन गेला की घरात पहिली चर्चा त्याच्या किमतीची होते. माझ्या मते पंधरा-वीस हजारांचा फोन हे त्यातले सर्वांत लहान नुकसान आहे. त्या फोनशी जोडलेले गूगलचे किंवा ॲपलचे खाते चोराने ताब्यात घेतले, तर मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, सगळे संपर्क, साठवलेले पासवर्ड आणि त्या ईमेलवर उघडलेली इतर सगळी खाती एका दमात हातची जातात. चोरीनंतरची धावपळ सर्वांना ठाऊक असते, चोरीपूर्वीची तयारी मात्र फार थोडे लोक करतात. म्हणून हा धागा काढत आहे.

मूळ अडचण स्क्रीन लॉकच्या पिनची आहे. जो चार आकडी पिन आपण दिवसभर चारचौघांत टाकत असतो, तोच पिन खात्याचाही दरवाजा उघडतो. अँड्रॉइड फोनवर गूगल खात्याचा पासवर्ड बदलायला गेल्यास जुना पासवर्ड न विचारता अनेकदा स्क्रीन लॉकच्या पिनवरच ओळख पटवून घेतली जाते. आयफोनचीही तीच गत होती. अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने फेब्रुवारी २०२३ मध्ये याच प्रकारच्या चोऱ्यांचे सविस्तर वृत्त दिले होते: चोर आधी शेजारी उभा राहून पासकोड पाहून ठेवतो, मग फोन पळवतो आणि काही मिनिटांत ॲपल खात्याचा पासवर्ड बदलून मूळ मालकालाच बाहेर काढतो.

आपल्याकडे हे कसे घडू शकते, ते सातारा बसस्थानकावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले तरी दिसते. माणूस गाड्यावर वडापाव घेतो, पैसे देण्यासाठी फोन छातीच्या उंचीवर धरतो, अंगठ्याने सावकाश पिन टाकतो, स्कॅन करतो, पुन्हा यूपीआयचा पिन टाकतो आणि फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून पुण्याच्या गाडीच्या दारातल्या रेटारेटीत शिरतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही पिन दिसलेले असतात आणि फोन कोणत्या खिशात आहे, तेही कळलेले असते. पॅटर्न ठेवणाऱ्यांची स्थिती याहून वाईट आहे, कारण काचेवर फिरणारे बोट लांबूनही ओळखू येते.

त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे चारचौघांत फोन बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडावा, पिन निदान सहा आकडी ठेवावा आणि यूपीआयचा पिन त्याच्याशी अजिबात जुळणारा नसावा.

दुसरी गोष्ट फोनच्या सेटिंगमधली आहे. आयफोनवर जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ सोबत 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आले. ते चालू असेल तर नेहमीच्या ठिकाणांपासून दूर असताना साठवलेले पासवर्ड पाहण्यासाठी चेहरा किंवा ठसाच लागतो, पासकोड चालत नाही. आणि ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायचा झाल्यास एक तास थांबून पुन्हा चेहरा दाखवावा लागतो. तो एक तास आपल्या हालचालीसाठी मिळालेला असतो. यात एक खाचखळगा आहे. घर आणि कामाचे ठिकाण ही जागा फोन 'ओळखीची' मानतो आणि तिथे हा उंबरठा शिथिल होतो. ज्यांचे दुकान भर बाजारात आहे आणि गल्ल्यावर फोन पडलेला असतो, त्यांनी ही सोय 'नेहमी' लागू राहील असा पर्याय निवडावा.

अँड्रॉइडवर २०२४ मध्ये चोरीविरोधी सोयींचा एक संच आला असून तो अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या बहुतेक फोनांवर मिळतो. सेटिंगमध्ये गूगल या विभागात 'थेफ्ट प्रोटेक्शन' शोधावे. कुणी फोन हिसकावून पळाला किंवा गाडीवरून निघाला, तर ती हालचाल ओळखून स्क्रीन आपोआप लॉक होते. चोराने इंटरनेट तोडून ठेवले तरी काही वेळाने फोन लॉक होतो. आणि 'रिमोट लॉक' आधी चालू केलेले असेल, तर कुणाच्याही फोनवरून अँड्रॉइड डॉट कॉमच्या लॉक पानावर जाऊन केवळ आपला मोबाइल क्रमांक टाकून फोन लॉक करता येतो. पासवर्ड आठवण्याची गरज नसल्यामुळे घाबरलेल्या अवस्थेत या सोयीचा मोठा उपयोग आहे. मात्र या तिन्ही सोयी स्क्रीन लॉक करतात, इतकेच. चोराला पिन माहीत असेल तर तो लॉक पुन्हा उघडतो. त्यावरचा उपाय 'आयडेंटिटी चेक' हा असून तो अँड्रॉइड १५ पासूनच्या काही फोनांवर उपलब्ध आहे. तो चालू असल्यास विश्वासू ठिकाणांच्या बाहेर पिन बदलणे, खात्याची सेटिंग बदलणे किंवा नवा ठसा नोंदवणे पिनवर होत नाही, ठसा किंवा चेहराच लागतो. आपल्या फोनवर तो आहे का, हे प्रत्येकाने आजच पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे खात्यात परत शिरण्याची वाट. आपल्यापैकी बहुतेकांचा रिकव्हरी नंबर, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला क्रमांक, त्याच फोनमधल्या सिमचा असतो, रिकव्हरी ईमेल त्याच फोनवर उघडा असतो आणि ओटीपीही तिथेच येतो. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट ओढून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. यावर गूगलचे बॅकअप कोड हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनच्या (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीच्या) पानावर आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. ते छापून किंवा हाताने लिहून घरात ठेवावेत. त्याचा फोटो काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवला, तर सगळे मुसळ केरात.

आणखी काय करावे, कुठे अडचण येते, हे जाणकारांनी सांगावे.

कोयनाकाठ

मी कराड भागात बँकेत काम करते. आपण लिहिले आहे ते योग्यच आहे, त्यात बँकेच्या बाजूने दोन गोष्टी जोडते.

यूपीआयचा पिन चोराला माहीत नसेल तर पैसे सुरक्षित आहेत, असा समज आमच्या अनेक खातेदारांचा आहे. पण पिन विसरल्यास नवा पिन बनवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढेच लागते. आधारवरून पिन बनवायचा झाल्यास आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी लागतो. ओटीपी येणारे सिम चोराच्या हातात आहेच. मग प्रश्न उरतो तो कार्डाचा आणि आधारचा, आणि ही दोन्ही कागदपत्रे लोक गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवतात. झेरॉक्सच्या दुकानात पाठवलेले आधारचे फोटोही तसेच संभाषणात पडून राहतात. माझी कळकळीची विनंती आहे की डेबिट कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढून टाकावेत, आणि ते 'ट्रॅश'मधूनही जातील असे पाहावे. आधारसाठी डिजिलॉकर वापरावे आणि त्याचा पिन वेगळा ठेवावा.

दुसरी गोष्ट तक्रारीच्या वेळेची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कारणाने पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असल्यास बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे स्वतःचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत कळवण्याची वेळ महत्त्वाची ठरते. पिन कार्डावर किंवा फोनच्या कव्हरमध्ये लिहून ठेवणाऱ्या खातेदाराची बाजू मांडताना आम्हालाही बोलायला जागा राहत नाही. पैसे गेलेच असतील तर बँकेबरोबरच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

निवृत्त गुरुजी

धागा उपयुक्त आहे. माझ्यासारख्या सत्तरीच्या माणसाला एक शंका आहे. आमच्या वयाच्या अनेकांना स्वतःच्या गूगल खात्याचा पासवर्डच माहीत नसतो, कारण फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानेच जीमेल काढून दिलेले असते. रिकव्हरी नंबर कोणाचा टाकला आहे, हेही सांगता येत नाही. शिवाय पाच वेगवेगळे पिन लक्षात ठेवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्ही कोठून सुरुवात करावी?

मोती चौक

गुरुजी, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आमच्या धंद्याची आहे. माझे मोबाइल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. गिऱ्हाईक घाईत असते, त्याला व्हॉट्सॲप सुरू करून हवे असते, मग काउंटरवरचा मुलगा गिऱ्हाइकाच्या नावापुढे जन्मसाल लावून जीमेल काढतो आणि पासवर्ड म्हणून मोबाइल क्रमांकच टाकतो. काही ठिकाणी रिकव्हरी ईमेल म्हणून दुकानाचाच पत्ता दिलेला मी स्वतः पाहिला आहे. अशा खात्याची चोराला भीती नाही आणि मालकाला उपयोग नाही. फोन गेल्यावर लोक आमच्याकडे येऊन विचारतात, 'आमचा पासवर्ड काय टाकला होता?' त्या वेळी उत्तर देता येत नाही आणि माणसाचे फोटो कायमचे गेलेले असतात.

तुम्ही फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग आपले खाते आणि 'सुरक्षा' असे जावे. तिथे रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दिसतील. अनोळखी क्रमांक किंवा पत्ता असेल तर काढून घरातल्या विश्वासू माणसाचा टाकावा. मुलगा पुण्या-मुंबईला असेल तर उत्तमच, कारण तुमचा फोन गेला तेव्हा त्याचा फोन त्याच गर्दीत असण्याची शक्यता नसते. त्याच पानावर 'तुमची डिव्हाइस' अशी यादी असते. त्यात जुना विकलेला फोन किंवा दुकानातला संगणक दिसला, तर तिथून साइन आउट करावे. मग पासवर्ड नवा घालावा आणि तो वहीत लिहून वही घरात ठेवावी. पासवर्ड कधीच लिहू नये असे सांगितले जाते, पण साताऱ्यातल्या घरातल्या कपाटातली वही बसस्थानकावरच्या चोराच्या हाती लागत नाही. ज्येष्ठांसाठी वही हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता अजिंक्यतारा यांनी न लिहिलेला एक मुद्दा. चोर फोन उघडू शकला नाही, तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सगळे ओटीपी त्याला मिळू लागतात. सिमला पिन लावला तर हे थांबते. पण लोकांना तो लावण्याचा सल्ला द्यायला मी कचरतो, कारण तीनदा चुकला की सिम पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडण्याचा कंपनीचा कोड, मागते, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचे निकामी होते. असे सिम घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत.

अजिंक्यतारा

गुरुजींना दिलेल्या उत्तराबद्दल मोती चौक यांचे आभार. सिमच्या पिनबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. गोंधळ होतो तो सुरुवातीलाच, कारण सिमला कंपनीने आधीच एक पिन दिलेला असतो आणि लोक तो माहीत नसताना अंदाजाने टाकत बसतात. ग्राहक सेवेला विचारून तो मूळ पिन आणि पीयूके दोन्ही लिहून घ्यावेत, मगच सेटिंगमधून सिम लॉक चालू करावे आणि आपला पिन घालावा. हा पिन रोज लागत नाही. फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम दुसरीकडे घातल्यावरच लागतो. रोज लागत नसल्यामुळे तो विसरला जातो, हे खरे आहे, म्हणून तोही गुरुजींच्या वहीत जावा. ज्या फोनमध्ये ई-सिम (फोनमध्येच बसवलेले सिम) आहे, तिथे चोराला सिम उपसून काढता येत नाही, हा एक फायदा आहे.

सिमवरूनच व्हॉट्सॲपचेही सांगतो. सहा आकडी टू-स्टेप पिन लावलेला नसेल, तर चोर तुमच्या सिमवर ओटीपी घेऊन व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू करतो आणि तुमच्या नावाने पाहुण्यांकडे तातडीचे पैसे मागतो. गावाकडचे नातेवाईक नाव पाहून पैसे पाठवतात. तो पिन लावायला एक मिनिट पुरते.

स्क्रीन लॉक असतानाही नोटिफिकेशनमध्ये ओटीपी वाचता येतो, हेही बंद करावे. 'संवेदनशील मजकूर लपवा' हा पर्याय जवळपास प्रत्येक फोनवर आहे.

मिरज जंक्शन

मी मिरजेचा. आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात आणि रेल्वेच्या गर्दीत हेच चालते. एका नातेवाइकाचा फोन गेला तेव्हा मी सोबत फिरलो होतो, त्यावरून क्रमाबद्दल लिहितो, कारण त्या वेळी घरातल्या प्रत्येकाचे मत वेगळे होते. एक जण म्हणत होता की सिम चालू राहू द्या, म्हणजे ठिकाण कळेल. दुसरा म्हणत होता की आधी पोलीस ठाण्यात चला.

माझ्या मते शेजारच्या माणसाचा फोन मागून आधी रिमोट लॉक करावे, त्यासाठी फोनला इंटरनेट लागते आणि ते बहुधा सिमवरूनच येत असते. ते झाले की लगेच सिम बंद करायला सांगावे आणि बँकेला कळवावे. ठिकाण पाहत बसण्यात जो अर्धा तास जातो, तोच चोराला हवा असतो. ठिकाण दिसले तरी आपण स्वतः तिथे जाऊ नये, ते पोलिसांना द्यावे.

मग पोलीस तक्रार. फोन चोरीला गेला असेल तर अर्जात 'चोरी' असेच लिहावे, 'गहाळ' लिहू नये, कारण पुढे बँकेपुढे बाजू मांडताना हा फरक पडतो. तक्रारीत पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लागतो. तो फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो, आणि फोन हातात असताना *#०६# डायल केल्यावर दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक दिसतात, दोन्ही लिहून ठेवावेत. खोके फेकून देणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि जमल्यास बिल घेऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर सीईआयआरमध्ये, म्हणजे आयएमईआयच्या केंद्रीय नोंदवहीत, फोन ब्लॉक करता येतो. ही सोय देशभरात मे २०२३ पासून आहे. ब्लॉक झालेला फोन भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातले तर त्याचा माग पोलिसांना मिळू शकतो. मात्र त्या अर्जासाठी ओटीपी तुमच्याच क्रमांकावर येतो, म्हणून आधी डुप्लिकेट सिम घ्यावे लागते, आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस चालू नसतात. आम्हाला हे माहीत नव्हते आणि सिम बिघडले आहे असे समजून आम्ही दुकानात पुन्हा गेलो होतो. ही अडवणूक आपल्याच संरक्षणासाठी आहे, कारण कुणी खोटी कागदपत्रे देऊन तुमच्या नावाचे सिम काढले, तर त्यालाही लगेच ओटीपी मिळत नाहीत.

कोयनाकाठ

मिरज जंक्शन यांनी लिहिलेल्या २४ तासांच्या अडचणीमुळेच कागदावरचे बॅकअप कोड महत्त्वाचे ठरतात. त्या दिवसभरात एसएमएस येणार नाही, पण कोड वापरून घरच्या संगणकावरून गूगल खात्यात शिरता येते, चोरीला गेलेला फोन यादीतून साइन आउट करता येतो आणि पासवर्ड बदलता येतो.

एक विचारायचे होते. चोराने रिकव्हरी नंबरच बदलला असेल तर सगळे संपले का?

अजिंक्यतारा

लगेच संपत नाही. गूगल खात्याचा रिकव्हरी नंबर किंवा ईमेल बदलला गेला, तरी आधीच्या नंबरवर किंवा ईमेलवर सात दिवसांपर्यंत कोड मागवण्याचा पर्याय मिळू शकतो. त्यामुळे निराश होऊन नवे खाते काढण्याच्या घाईत पडू नये. घरच्या नेहमीच्या वायफायवरून, पूर्वी वापरलेल्या संगणकावरून खाते परत मिळवण्याचा अर्ज त्या सात दिवसांतच करावा. ओळखीच्या ठिकाणाहून आणि ओळखीच्या यंत्रावरून केलेल्या अर्जाला गूगल अधिक महत्त्व देते.

निवृत्त गुरुजी

मोती चौक यांनी सांगितल्याप्रमाणे नातवाला सोबत घेऊन पाहिले. रिकव्हरी ईमेल अनोळखी निघाला. तो काढून मुलाचा टाकला आहे आणि कोड वहीत उतरवून घेतले आहेत. फोन चोरीला गेल्यानंतर काही दिवसांनी 'तुमचा फोन सापडला आहे' असे संदेश येतात, असे शेजारी सांगत होते. ते खरे मानावेत का?

मोती चौक

अजिबात मानू नयेत, गुरुजी. फोन खात्याला जोडलेला असेपर्यंत चोराला तो पुसून विकता येत नाही. आयफोनला ॲक्टिव्हेशन लॉक असते, अँड्रॉइडला फॅक्टरी रिसेटनंतरही जुने खाते किंवा जुना पिन मागणारे संरक्षण असते. ते तोडता येत नाही म्हणून चोर मालकाच्या नव्या सिमवर किंवा घरच्यांच्या क्रमांकावर संदेश पाठवतो, त्यात ॲपल किंवा गूगलसारखे दिसणारे पान असते आणि तिथे टाकलेला पासवर्ड थेट त्याच्याकडे जातो. कधी ग्राहक सेवेतून बोलतो असे सांगून 'हा फोन खात्यातून काढून टाका, म्हणजे आम्ही शोधू' असेही सांगतात. फोन मिळण्याची आशा सोडली तरी तो खात्याच्या यादीतून स्वतःहून काढू नये. साइन आउट करणे वेगळे आणि आयफोनच्या 'फाइंड माय' या फोन शोधण्याच्या सोयीमधून फोन काढून टाकणे वेगळे. पोलिसांकडून फोन खरोखर परत मिळाला, तर तो आधी हातात घ्यावा, आयएमईआय जुळवून पाहावा आणि मग संचार साथीवर अनब्लॉकचा अर्ज करावा. तो अर्ज करताना ब्लॉक करतेवेळी मिळालेला विनंती क्रमांक लागतो, म्हणून तोही वहीत लिहून ठेवावा.